अर्ध्यावर शिक्षण सोडावें काय?

दिवाळीच्या सुटींत परभणी, नांदेड, लातूर, पुणें अशा ठिकाणीं शिकणारीं आमचीं मुलें सोनपेठास व आसपासच्या खेड्यांस परत येतात. शेतांत कापसाची वेचणी चाललेली असते. सोयाबीन विकून आलेले पैसे दुकानाच्या उधारींत आणि फीच्या हप्त्यांत वाटले गेलेले असतात. ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें बिऱ्हाड बांधून निघालेलीं असतात. अशा वेळीं एखाद्या घरांत मुलगा म्हणतो, "हें शिक्षण माझ्यानें पुढें होत नाहीं." एखादी मुलगी म्हणते, "मला विषय बदलूं द्या." तिसरा म्हणतो, "एक वर्ष थांबूं द्या, मग पाहूं." बाप गप्प बसतो, आई डोळ्यांना पदर लावते, आणि दुसऱ्या दिवशीं ती गोष्ट पाळकांच्या कानीं जाते. ह्या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती माणसानें व मंडळीनें कसा करावा, हें आज लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न आमच्या भागास नवा आहे. सोनपेठ निजामाच्या राज्यांत होतें तोंवर खेड्यांतील मुलापुढें विद्यापीठ सोडावें कीं नाहीं हा प्रश्नच नव्हता. विद्यापीठ दृष्टीस कसें पडेल, हाच प्रश्न होता. १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेस, आणि तेथील शिक्षण उर्दूंतून. १९४८ च्या सप्टेंबरांत निजामाची सत्ता संपली. १९५८ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठ निघालें. १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ झालें. १९९४ सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन परभणी जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्यास जोडलीं गेलीं. ज्या दाराजवळ आजोबा पोंचूं शकले नाहींत, त्या दारांतून नातू आंत गेला, आणि आतां तो बाहेर येऊं म्हणतो. वडील माणसांस ह्याचें दुःख किती होत असेल हें आम्ही जाणतों. परंतु दुःख हें कांहीं प्रश्नाचें उत्तर नव्हे.

मंडळींत दोन उत्तरें तयार असतात. वडील माणसें लूकाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाकडे बोट दाखवितात आणि नांगरास हात घालून मागें पाहणाऱ्याची गोष्ट मुलास ऐकवितात. तरुण म्हणतात, मन लागत नसेल तर जुलूम कशाला? आमच्या मतें दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत.

प्रथम नांगराविषयीं. प्रभूनें तें वचन देवाच्या राज्याविषयीं उच्चारिलें, बी. एस्सी. च्या दुसऱ्या वर्षाविषयीं नव्हे. अभ्यासक्रम हा देवापुढें केलेला नवस नाहीं. देवानें दिलेली शक्ति त्याच्या व शेजाऱ्याच्या सेवेस लावण्याचें तें एक साधन आहे. आणि साधन कामास येत नसेल तर तें बदलणें हा विश्वासघात होत नाहीं. शिवाय नांगर धरणाऱ्यासच हें अधिक ठाऊक आहे कीं, जमीन वापशावर नसतां औत धरलें तर नुसतीं ढेकळें निघतात आणि बैल थकतात. शहाणा शेतकरी औत सोडतो व वापशाची वाट पाहतो. मृगाचा पाऊस पडून पुढें उघाड पडली आणि उगवलेलें करपलें, तर तो दुबार पेरणी करतो. त्यास कोणी शेत टाकून पळाला असें म्हणत नाहीं. पण दुबार पेरणीस बियाण्याचा खर्च पुन्हां येतो, आणि पेरणीचे दिवस निघून गेल्यावर ती करतां येत नाहीं. आमच्या प्रश्नाचें मर्म ह्यांतच आहे. बदलण्याची मोकळीक आहे. पण तिला किंमत आहे आणि तिला मुदतहि आहे.

त्याच शुभवर्तमानाच्या चवदाव्या अध्यायांत बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे. पुरा करण्याइतका पैसा आहे कीं नाहीं हें आधीं बसून मोजावें, नाहीं तर लोक हंसतील, असा त्याचा आशय. हा दाखलाहि मुलांच्या डोक्यावर मारण्याचें हत्यार होतो. परंतु त्याच्यामागून लगेच दुसरा दाखला येतो, तो क्वचितच वाचला जातो. एक राजा दहा हजार माणसें घेऊन लढाईस निघतो, समोरून वीस हजार येत आहेत असें पाहतो, आणि शत्रू दूर आहे तोंवरच वकील पाठवून सल्ल्याचें बोलणें करतो. म्हणजे हिशेब निघण्यापूर्वीं करणें उत्तम. पण निघाल्यावर चूक कळली तरीहि हिशेब करावा, आणि तो शत्रू दूर आहे तोंवर करावा. सतरा वर्षांच्या मुलानें, ज्याच्या घरांत कोणीं कॉलेज पाहिलें नाहीं, त्यानें बुरुजाचा खर्च आधींच बरोबर मोजावा अशी अपेक्षा करणें हा अन्याय आहे. पहिल्या सहामाहींत त्यास खरें कळलें तर तें त्यास बोलतां यावें, एवढें तरी आपण करावें.

आतां, सोडणें, बदलणें आणि थांबणें ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घरांत भांडण पेटलें म्हणजे तिन्हींस एकच नांव मिळतें: "शिक्षण बुडविलें." म्हणून आपल्याच भाषेंतील माणसांच्या चरित्रांवरून त्या वेगळ्या करून पाहूं.

पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें. आमच्या देशांतील स्त्रियांस स्त्री डॉक्टरांची केवढी गरज आहे हें त्यांनीं पाहिलें होतें, आणि हेतूंत कांहींच उणें नव्हतें. परंतु त्यांस ऐकूं कमी येत असे, आणि त्यामुळें ती वाट बंद झाली. त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत राहून शिकूं व संस्कृत शिकवूं लागल्या. पुढें १८८६ सालीं अमेरिकेस जाऊन त्यांनीं बालशिक्षणाची नवी पद्धति अभ्यासिली. आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. केडगांवचें मुक्ति मिशन त्यानंतरचें. ज्या सेवेसाठीं त्या निघाल्या ती सेवा त्यांनीं सोडली नाहीं. तिच्याकडे नेणारा रस्ता बदलला. विषय बदलूं पाहणाऱ्यानें स्वतःस हेंच विचारावें: मी रस्ता बदलीत आहें, कीं जावयाचें ठिकाणच टाकून देत आहें?

थांबण्याचें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचें आहे. १९१६ सालीं ते लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयांत दाखल झाले. बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांस परत यावें लागलें. त्यांचीं पुस्तकें ज्या जहाजानें येत होतीं तें महायुद्धांत बुडालें. बडोद्यास नोकरीवर गेले तर अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. एवढ्यावर दुसरा कोणी म्हणता कीं, लंडन आतां संपलें. परंतु निघण्यापूर्वीं त्यांनीं एक गोष्ट करून ठेविली होती: चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं विद्यापीठाकडून मिळविली होती. १९१८ पासून मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजांत शिकवून त्यांनीं पगारांतून पैसा सांठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साह्य घेतलें, मित्राकडून कर्ज काढलें, आणि १९२० सालीं ते परत गेले. १९२३ सालीं त्यांस डी. एस्सी. ही पदवी मिळाली. मराठवाड्यांतील दलित मुलांसाठीं त्यांनीं १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, त्यामागें स्वतःच्या ह्या अडलेल्या दिवसांची आठवण नसेल असें कोण म्हणेल? थांबणें आणि सुटणें ह्यांत फरक एवढाच कीं, थांबणारा जातांना दार उघडें ठेवून जातो व परत येण्याची तारीख मनाशीं ठरवितो.

सोडण्याचेंहि उदाहरण जवळचें आहे. १९३८ सालीं उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनीं वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला, त्याबद्दल पुष्कळांस काढून टाकण्यांत आलें, आणि त्यांतील कित्येकांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. ज्यांच्या नांवानें आज नांदेडचें विद्यापीठ चालतें, त्या स्वामी रामानंद तीर्थांनींहि तरुणपणीं असहकाराच्या चळवळींत सरकारी शाळा सोडली होती. शिक्षण मात्र सोडलें नाहीं, तें राष्ट्रीय विद्यालयांतून पुढें चालविलें. कधीं कधीं सद्सद्विवेकबुद्धीच सांगते कीं, येथून निघ. तिचें ऐकणाऱ्यास पळपुटा म्हणूं नये. परंतु लक्षांत घ्या कीं, त्या विद्यार्थ्यांस पुढें घेणारें दुसरें कोणी तरी होतें. नागपूरचें दार उघडलें नसतें तर त्यांच्या धैर्याची किंमत फार भारी पडली असती.

उलट बाजूचें उदाहरण न दिल्यास आमचें लिहिणें एकांगी होईल. आनंदीबाई जोशी ह्यांनीं अमेरिकेंत प्रकृति ढांसळत असतांहि वैद्यकीचा अभ्यास सोडला नाहीं. १८८६ च्या मार्चांत त्यांस पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, आनंदीबाई पुण्यास वारल्या. त्यांनीं थांबावयास हवें होतें काय? त्यांच्या मनांतील हांक आम्ही ऐकलेली नाहीं, म्हणून त्यांचा न्याय करणें आमचें काम नव्हे. त्यांच्यामागून किती स्त्रियांस धीर आला हें जग जाणतें. तथापि असा त्याग स्वतः होऊन करावयाचा असतो. तो दुसऱ्याच्या लेंकराकडून मागण्याचा अधिकार आईबापांस नाहीं, गुरूंस नाहीं आणि मंडळीसहि नाहीं.

मग निर्णय कसा करावा? पहिली गोष्ट ही कीं, थकलेल्या स्थितींत करूं नये. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीनें रानांत पळाला आणि झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला. देवानें त्यास तत्काळ उपदेश केला नाहीं. प्रथम झोंप दिली, भाकर दिली, पाणी दिलें. पुन्हां झोंपूं दिलें, पुन्हां खाऊं घातलें. पुष्कळ दिवसांनीं होरेब डोंगरावर पोंचल्यावर मग विचारलें कीं, तूं येथें काय करतोस? परीक्षेंत नापास झालेला, होस्टेलांत अपमान सोसून आलेला मुलगा घरीं आला म्हणजे हाच क्रम ठेवावा. प्रथम भाकर, मग झोंप, प्रश्न नंतर.

दुसरी गोष्ट, खरें कारण शोधून काढावें. "मन लागत नाहीं" ह्या एका वाक्याखालीं पांच निरनिराळीं दुखणीं दडलेलीं असतात. एकास विषयच रुचत नाहीं. एकास विषय आवडतो, पण इंग्रजी पुस्तक समजत नाहीं. एकाजवळ मेसचे पैसे नाहींत. एकास जातीवरून किंवा बोलीवरून टोंचून बोलतात. एक खरोखर आजारी आहे. पहिल्यास विषय बदलणें योग्य असेल. दुसऱ्यास शिकवणी हवी, तिसऱ्यास मदत हवी, चौथ्याच्या बाजूस कोणी उभें राहावयास हवें, पांचव्यास वैद्य हवा. ह्या चौघांनींहि कॉलेज सोडलें तर दुखणें तसेंच राहील आणि औषध मात्र सुटेल.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सत्य. मुलाच्या शिक्षणांत जो पैसा पडला आहे तो त्याच्या एकट्याचा नाहीं. तो मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा असेल, गहाण पडलेल्या दागिन्याचा असेल, सुगीच्या सणांत मंडळीनें दिलेल्या दानाचा असेल. म्हणून "आयुष्य माझें, मी पाहीन" हें म्हणणें खरें नाहीं. परंतु बापानें "एवढा खर्च केला, आतां पुरें केलेंच पाहिजे" असें म्हणणें हेंहि खरें नाहीं. जी विहीर कोरडी लागली तिच्यांत पंचवीस हात खणलें म्हणून आणखी पंचवीस हात खणीत जाणें हें शहाणपण नव्हे. गेलेला पैसा मुलाचा मालक होत नाहीं. तो मुलावर एकच ऋण ठेवतो, आणि तें सत्य सांगण्याचें आहे. ज्यांनीं घाम गाळला त्यांस खरें काय आहे तें वेळेवर कळलें पाहिजे.

आमच्या मतें खरें संकट अभ्यास सोडण्यांत नाहीं, तर तो मनानें सुटला असतां घरीं चालूच आहे असें भासविण्यांत आहे. मुलगा शहरांतील खोलींत पडून असतो. वर्गांत जात नाहीं. घरून फोन आला कीं "बरें चाललें आहे" म्हणतो. महिन्याचे पैसे येतात तसतसा त्याचा जीव अधिक कोंडतो. एक खोटें सांभाळण्यास दहा खोटीं लागतात, आणि शेवटीं मुलास वाटूं लागतें कीं घरीं तोंड दाखविण्यापेक्षां मरण बरें. तरुण विद्यार्थ्यांनीं जीव दिल्याच्या बातम्या दर वर्षीं येतात. बंधुभगिनींनो, अशी कोणती पदवी आहे, जिच्यासाठीं एक लेंकरूं द्यावें? मुलानें खोटें बोलणें हें पाप खरेंच. पण ज्या घरांत खरें बोलण्याची सोय नाहीं, त्या घरानें त्या पापांतला आपला वांटा ओळखावा. ज्यास असा अंधार दाटून आला असेल त्यानें एकटें राहूं नये. पाळकांस, शिक्षकांस, मित्रास सांगावें. तेंहि जमत नसेल तर शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस ऐकून घेते.

मुलींविषयीं एक शब्द वेगळा लिहिणें भाग आहे. मुलगा एक वर्ष थांबला तर तो थांबला असें होतें. मुलगी थांबली तर त्या वर्षांत तिच्यासाठीं स्थळें येतात, आणि पुढच्या वर्षाचा विषय कोणी काढीत नाहीं. म्हणून मुलीच्या बाबतींत "थोडें थांबूं" हें सोपें वाक्य उच्चारण्यापूर्वीं आईबापांनीं देवापुढें स्वतःस विचारावें कीं, आपण परत पाठविण्याचें वचन देत आहों, कीं गोड शब्दांत दार लावीत आहों?

आतां व्यवहाराच्या कांहीं गोष्टी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें पदवीच्या शिक्षणांतून मध्येंच बाहेर पडण्याची व परत येण्याची वाट ठेविली आहे. ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्यानंतर पदविका मिळूं शकते, आणि मिळविलेलीं क्रेडिटें जमा राहतात. मात्र सर्व अभ्यासक्रमांस हें सारखें लागूं नाहीं, म्हणून आपल्या कॉलेजांत लेखी विचारून घ्यावें. शिष्यवृत्ति असेल तर परवानगीवांचून विषय किंवा कॉलेज बदलूं नये. ती बंद होण्याचा संभव असतो. प्रवेश लवकर रद्द केल्यास फीचा मोठा भाग परत मिळतो, उशीर केल्यास कांहींच नाहीं. शत्रू दूर आहे तोंवर वकील पाठवावा, हें येथेंहि खरें आहे. आणि घरीं राहूनच शिकणें भाग असेल त्यास नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उघडें आहे. न सांगतां निघून येणें हें सर्वांत वाईट. अर्ज देऊन, दाखले घेऊन, कागद जपून निघावें.

शेवटीं मंडळीचें कर्तव्य. योहान ज्याला मार्कहि म्हणत, तो तरुण पौल व बर्णबा ह्यांच्याबरोबर सेवेस निघाला आणि पंफुल्यांतील पिर्गा येथून अर्ध्यावर घरीं परतला. कां परतला हें शास्त्रानें सांगितलें नाहीं. पुढें त्यास पुन्हां बरोबर घ्यावें कीं नाहीं ह्यावरून त्या दोन थोर सेवकांत इतका वाद पेटला कीं ते एकमेकांपासून वेगळे झाले. पौलाचें म्हणणें वावगें नव्हतें. अर्ध्यावर सोडून गेलेल्यावर पुन्हां भिस्त कशी ठेवावी? परंतु बर्णबानें मार्कास हातीं धरलें आणि कुप्र बेटाकडे नेलें. पुष्कळ वर्षांनीं तुरुंगांत असतांना त्याच पौलानें मार्कास बोलावून घेण्यास लिहिलें, कारण तो सेवेस उपयोगी होता. आणि दुसरें शुभवर्तमान त्याच मार्काच्या हातचें, असें मंडळी प्राचीन काळापासून मानीत आली आहे. पिर्ग्याहून परतलेल्यास "अर्धवट" असें नांव ठेवून कोपऱ्यांत बसविलें असतें तर मंडळीचें केवढें नुकसान झालें असतें!

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत पास झालेल्यांचा सत्कार होतो, पेढे वाटले जातात, उपासनेंत त्यांचीं नांवें घेतलीं जातात. हें चांगलें आहे. परंतु जो निकाल लागल्यावर उपासनेस आलाच नाहीं त्याच्या घरीं त्या आठवड्यांत कोण जातें? प्रत्येक मंडळीनें शिकलेल्यांपैकीं दोन समंजस माणसें, एक पुरुष व एक स्त्री, ह्या कामासाठीं नेमावीं. त्यांनीं मुलाचें ऐकून घ्यावें, आईबापांशीं बोलावें, कॉलेजांत बरोबर जावें, आणि सोडणें, बदलणें, थांबणें ह्यांपैकीं जें ठरेल तें ठरल्यावर वर्षभर त्या घराची विचारपूस ठेवावी. मदतनिधींतून रक्कम देतांना "मध्येंच सोडलेंस तर" असा धाक घालूं नये. "अडलास तर आधीं आम्हांस सांग," एवढीच अट घालावी.

येत्या दिवाळींत जें लेंकरूं मान खालीं घालून गांवच्या स्टँडवर उतरेल, त्याच्यासाठीं प्रत्येक घरांत व प्रत्येक मंडळींत प्रार्थना व्हावी. आणि प्रार्थना करून उठणाऱ्यांपैकीं कोणी तरी त्याच संध्याकाळीं त्याच्या घरीं जावें, इतकी आमची सर्वांस विनंति आहे.